साठीची सहल मैत्रिणींबरोबरच

‘साठीला घरात शांत करायची सोडून या बायका सहलीला निघाल्या.’ हे वाक्य हल्ली लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, सोसायटीच्या बाकावर ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त आपापल्या घरच्या जेवणाच्या टेबलावर. बोलणारी माणसं परकी नसतात. मुलगा, सून, जाऊबाई, नणंद, कधी स्वतः यजमान. त्यांचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं आहे. हे परदेशी खूळ आहे, घर वाऱ्यावर टाकून जाणं बरं दिसत नाही, या वयात शोभत नाही आणि झेपतही नाही, शिवाय पैशांची उधळपट्टी. यातल्या एका मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे नंतर येते. बाकीचे मला मुळीच मान्य नाहीत. या बोलण्यापायी कितीतरी जणी तिकीट काढून झाल्यावर ‘नाही गं जमत’ असा निरोप धाडतात, म्हणून ते का मान्य नाहीत हे एकदा स्पष्ट लिहायला हवं.

आधी परदेशी खुळाचं बघू. वयाचे टप्पे साजरे करण्यात आपला समाज कुणाला हार जाणारा नाही. पन्नाशीला वैष्णवी शांती, पंचावन्नला वारुणी, साठीला उग्ररथ, पासष्टला मृत्युंजय महारथी, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री आणि ऐंशी उलटल्यावर सहस्रचंद्रदर्शन. दर पाच वर्षांनी घटकाभर थांबून ‘इथवर आलो’ म्हणायची सोय पूर्वजांनीच करून ठेवली आहे. साठावं वर्ष मोलाचं असतं हे आम्हाला कुणा परक्याकडून शिकावं लागलेलं नाही.

राहिला प्रश्न बायकांनी घरच्या पुरुषांशिवाय घोळक्यानं बाहेर पडण्याचा. आषाढीच्या वाटेवर जाऊन उभं राहा. डोक्यावर तुळस घेतलेल्या, कमरेला पिशवी लावलेल्या शेकडो बायका दिंडीत चालताना दिसतील. त्यांतल्या कित्येकींचे नवरे गावी पेरणीत अडकलेले असतात. त्या गावातल्याच चारचौघींच्या सोबतीनं आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीच-तीन आठवडे चालतात, शाळेच्या पडवीत झोपतात, वाटेत फुगड्या घालतात. मंगळागौरीला रात्र रात्र जागणाऱ्या बायकाही आपल्याच. बायकांनी बायकांच्या संगतीत मोकळं होण्याची रीत या मातीत जुनी आहे. ‘ती देवाधर्माची गोष्ट, ही मौजमजा’ असं कुणी म्हणेल. पण वाखरीच्या रिंगणात फुगडी घालणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर मला भक्ती आणि मौज कधी वेगळी काढता आलेली नाही.

कुणी सिनेमांना दोष देतात. हेमंत ढोमेचा ‘झिम्मा’ २०२१ मध्ये आला, त्यात बायकांचा गट सहलीला जातो. २०२३ च्या ‘झिम्मा २’ मध्ये तर पंचाहत्तरीचं निमित्त आहे. ‘ते बघून यांच्या डोक्यात शिरलं’ असं म्हणणाऱ्यांनी काळाचा क्रम तपासावा. फक्त बायकांसाठीच्या सहली आपल्याकडच्या पर्यटन कंपन्या त्याच्या कितीतरी आधीपासून काढत होत्या आणि त्या भरून जात होत्या. बायका जात होत्या म्हणून सिनेमा निघाला. तो पाहून थिएटरात आयाबाया रडल्या, कारण त्यांना त्यात आपलीच राहून गेलेली गोष्ट दिसली.

आता मुख्य मुद्दा. ‘घरच्या घरी साठीशांत करा, चार माणसं जेवू घाला, तेच खरं साजरं करणं,’ असं सांगतात. ठीक. पण साठीशांत कुणाची असते?

आमच्या घरची मी केली, यजमानांची. हॉल ठरवणं, केटररला पानांचा आकडा कळवणं, गुरुजींच्या यादीप्रमाणे कलश, नारळ, सुपाऱ्या, वस्त्रं गोळा करणं, आलेल्यांच्या ओटीचे खण मोजून ठेवणं, सासरच्या कुणाचा मान राहून तर गेला नाही ना हे डोळ्यांत तेल घालून बघणं. यातलं बहुतेक सगळं माझ्याकडे होतं. प्रत्यक्ष विधीत यजमान पाटावर बसतात, संकल्प ते सोडतात आणि पत्नी शेजारच्या पाटावर बसून उजव्या हाताची बोटं त्यांच्या हाताला लावून ठेवते. सकाळभर माझी बोटं तशी होती आणि कान मागे स्वयंपाकघराकडे, की भात आला का. तो दिवस आनंदाचाच होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते. चार वर्षांनी माझी साठी आली, तेव्हा घरात सगळ्यांनी प्रेमानंच म्हटलं, ‘तुझी झालीच की बाबांच्याबरोबर.’

हे माझ्या एकटीचं नाही. ओळखीतल्या ज्या ज्या घरांत साठीशांत झाली, तिथं वय मोजलं गेलं ते कर्त्या पुरुषाचं. बाईचं साठावं वर्ष तिच्या नवऱ्याच्या साठाव्या वर्षात उरकून टाकायची ही पद्धत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की तिनं स्वतःच्या साठीसाठी स्वतःचे चार दिवस मागितले तर तेच वावगं वाटतं. आणि घरी वाढदिवस ‘केला’ तरी पुरणाचा घाट कोण घालतं? पाहुणे गेल्यावर भांडी कोण विसळून ठेवतं? स्वतःच्या वाढदिवसाची यजमानीणही तीच.

ज्यांचे यजमान नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. आमच्या वर्गातल्या दोघी लवकर एकट्या झाल्या. एकीनं लग्नच केलं नाही. जोडप्यानं पाटावर बसायचा विधी यांच्यासाठी नाही, हळदीकुंकवाच्या बोलावण्यातून त्या केव्हाच गळलेल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. मोठी गोष्ट झाली, मला तिचा अभिमान वाटतो. पण बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये इथपर्यंत ठराव पोचतो. साठाव्या वर्षी अशा बाईला मध्ये बसवून तिचं कौतुक कुणी करायचं, हे ठरावात लिहिता येत नाही.

ते आम्ही वर्गमैत्रिणींनी केलं. सगळ्या सोलापूरच्या एकाच शाळेतल्या, एकाच वर्गातल्या, त्यामुळे साठी सगळ्यांचीच एका वर्षाच्या आतबाहेर. आम्ही हंपीला गेलो होतो. होस्पेटच्या लॉजच्या स्वयंपाकघरातून कणीक मागून घेतली, खोलीतल्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून साठ दिवे वळले आणि रात्री गच्चीवर परातीत मांडले. वारा होता. दहा लावावेत तर सहा विझावेत. लॉजवरचा पोरगा पुठ्ठे घेऊन आला आणि आडोसा धरून उभा राहिला. ज्या दोघींना वर्षानुवर्षं कुणी ओवाळलं नव्हतं त्यांना आधी बसवलं, केसांत गजरे माळले, सुपारी आणि अंगठीनं ओवाळलं. हे त्यांच्या घरी झालं असतं का? त्यांची मुलं गुणी आहेत, तरी सांगते, झालं नसतं. त्यांच्या मनातही आलं नसतं.

‘घर वाऱ्यावर टाकून’ या आरोपाला मी आकड्यांनी उत्तर देते, कारण भावनेनं दिलेलं उत्तर घरात कुणी ऐकत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या माणसांचा दिवस मोजला आहे. घरातली विनामोबदला कामं करणाऱ्या बायका त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं, आणि मुळात अशी कामं करणाऱ्या पुरुषांची संख्याच थोडी. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास, रोज, सुट्टी नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बाईनं आजवर या घराला किती तास दिले याचा गुणाकार ज्यानं त्यानं करावा आणि मग चार दिवसांचा हिशेब मांडावा.

चार दिवस बाई नसली की जे घर वाऱ्यावर जातं, त्या घराची घडी आधीच बिघडलेली असते. आमच्यापैकी एकीला रोज सकाळी घरून फोन यायचा, यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठे आहेत म्हणून. गोळ्या बारा वर्षं त्याच डब्यात होत्या. घेणारा माणूस सुशिक्षित, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. त्याला स्वतःच्या गोळ्या सापडत नाहीत यात त्या बाईचा काय दोष? उलट, ती गेली म्हणून तो डबा त्यांना कळला. पुढे कधी ती आजारी पडली, तर हेच चार दिवस त्या घराच्या कामी येणार आहेत.

मग येते काळजी. ‘काही झालं तर?’ या प्रश्नामागची माया मी नाकारत नाही. पण हंपीत काय झालं ते सांगते. आमच्यात दोघींचे गुडघे कामातून गेलेले, एकीला साखर, एकीला चक्कर येण्याचा त्रास. विठ्ठल मंदिराच्या अलीकडे गाड्या थांबवतात, तिथून पुढे बॅटरीच्या गाडीनं जाता येतं. मातंग टेकडीवर ज्यांना चढवत होतं त्या पहाटे गेल्या, बाकीच्या खाली बसून राहिल्या. कुणी कुणाला ‘तुझ्यामुळे थांबावं लागलं’ म्हटलं नाही. घरच्यांबरोबर गेलं की ते हमखास ऐकावं लागतं, शब्दांनी नाही तर चेहऱ्यांनी.

आणि एक गोष्ट, जी उघड बोलली जात नाही पण बायकांचा प्रवास तिच्यावरच ठरतो. आमच्या पिढीच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. बाथरूमसाठी गाडी थांबवा असं जावयासमोर, दिरासमोर, ड्रायव्हरसमोर कसं म्हणायचं, म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहायचं. उन्हाळी लागते, डोकं दुखतं, तरी बोलायचं नाही. मैत्रिणींच्या गाडीत पहिल्या तासातच कुणीतरी ड्रायव्हरला स्वच्छ सांगते, दादा, दर दीड तासाला थांबायचं. चारही दिवस सगळ्या पोटभर पाणी प्यायल्या. तब्येतीची काळजी असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. जिला इन्सुलिन कधी घ्यायचं हे आठ जणींना ठाऊक आहे, ती बाई एकटी किंवा दुकटी कुठेच इतकी सुरक्षित नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ मधली. बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीनं जायची मुभा देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ४२ टक्के बायकांनाच आहे, असं त्यात दिसलं. निम्म्याहून अधिक बायकांना ही साधी मुभाही नाही. साठीच्या बाईला ‘या वयात शोभतं का’ विचारणारे तिला विशीत काय म्हणाले होते? ‘लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा.’ तिशीत? ‘मुलं लहान आहेत.’ चाळिशीत मुलांची दहावी-बारावी, पन्नाशीत सासूबाईंचं दुखणं, मग नातवंडं. शोभणारं वय कुठलं ते एकदा सांगून टाका, आम्ही त्या वर्षाचं तिकीट काढतो.

‘जायचंच तर देवदर्शनाला जा’ असंही सुचवतात. तेही आम्हाला हंपीत घडलं. हंपीच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायानं विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी आपल्याकडची परंपरा सांगते. आम्ही सोलापूरच्या, पंढरपूर आमच्या अंगणातलं. पन्नासच्या नोटेवर असलेला तो दगडी रथ बघून आत गेलो, तेव्हा आमच्यातल्या वारकरी घरातल्या मैत्रिणीनं त्या रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले आणि भानुदासांची सगळी कथा तिथंच उभ्या उभ्या सांगितली. शाळेत आम्ही तिला अबोल म्हणायचो. तिला इतकं येतं, इतकं सुरेख सांगता येतं, हे तिच्या घरात कुणाला माहीत असेल की नाही, मला शंका आहे.

मैत्रिणीच कशाला, लेकी-सुना आहेत की, असं विचारणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे. लेकीसमोर मी आई असते, सुनेसमोर सासू, आणि या दोन्ही ठिकाणी मला जपून बोलावं लागतं. लग्नात माझं आडनाव बदललं, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि शाळेतली मुलगी हजेरीपटावरच राहिली. एकमेकींना शोधायला आम्हाला तीस वर्षं लागली, कारण कुणाचं आडनाव काय झालं आणि कोण कुठल्या गावी दिली हेच कळायला मार्ग नव्हता. पुरुषांचं तसं होत नाही. त्यांचे मित्र त्याच गावात, त्याच नावानं, त्याच कट्ट्यावर असतात. बाईची मैत्री लग्नात तुटते आणि ती तुटली याचं कुणाला काही वाटत नाही. मोबाइल आला, दहावीच्या बॅचचा ग्रुप झाला, तेव्हा कुठे ती पुन्हा जुळली. ती टिकवायला साठावं वर्ष हे निमित्त पुरेसं नाही का?

आता ज्या मुद्द्यात तथ्य आहे तो. पैसा. इथं टीका करणाऱ्यांचं मी ऐकते आणि माझ्या बाजूच्या बायकांना चार शब्द सुनावते. एकीचा मुलगा अमेरिकेत, तिला दुबई स्वस्त वाटते. दुसरीला निवृत्तिवेतन नाही, नवऱ्याचं दुकान बसलेलं. ग्रुपवर ‘बाली की थायलंड’ अशी चर्चा सुरू होते, सगळ्यांचे अंगठे उमटतात आणि ही मात्र दोन दिवस गप्प राहते. मग नातवाच्या आजाराचं कारण सांगून गळते. हे मी पाहिलं आहे आणि ते फार वाईट आहे. एकसारख्या रंगाचे टी-शर्ट, ड्रोनवाला फोटोग्राफर, फुग्यांची कमान यांपायी जर एक मैत्रीण मागे राहत असेल, तर ती सहल काढूच नये. ज्या संगतीसाठी निघायचं, तीच आपण मोडतो आहोत.

यावर उपाय आहे आणि तो बायकांनीच शोधून काढलेला आहे. भिशी. महिन्याला पाचशे रुपये टाकले तर दोन वर्षांत प्रत्येकीचे बारा हजार होतात, आणि बारा हजारांत महाराष्ट्रात किंवा शेजारच्या राज्यात चार दिवस नीट होतात. आमचा नियम एवढाच होता की, जिला सगळ्यात कमी झेपतं ती आकडा सांगणार आणि तो आकडा शेवटचा. ठिकाण त्यानंतर. कुणी कुणाचे पैसे भरायचे नाहीत, कारण उपकाराच्या ओझ्याखाली कुणी मोकळेपणानं हसत नाही. राज्यात एसटीला मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. गणपतीपुळे, तुळजापूर, वेरूळ, भंडारदरा, जिथं लाल गाडी जाते तिथं कुठेही जा. साठी मलेशियातच साजरी व्हायला हवी असं कुणी सांगितलं?

पण ‘उधळपट्टी’ हा शब्द मात्र मी परत करते. साठीशांतीला हॉल, जेवणावळ आणि अहेरात लाख-दीड लाख जातात तेव्हा त्याला खर्च म्हणतात, प्रतिष्ठा म्हणतात. बाईनं भिशीतून साठवलेले बारा हजार स्वतःवर घातले की ती उधळपट्टी होते. ‘त्यापेक्षा अनाथाश्रमाला द्या’ असा सल्ला देणाऱ्यांनी तो लग्नाच्या रिसेप्शनच्या वेळी का दिला नाही?

खरोखर कुणावर बोलायचंच असेल तर रेल्वेवर बोला. ५८ वर्षांवरच्या बायकांना तिकिटात निम्मी सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी काढून घेतली आणि अजून परत दिलेली नाही. ४५ वर्षांवरच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळतो. म्हणजे आठ जणींना एकत्र जायचं असेल तर दोन-दोनची चार तिकिटं काढायची आणि वेगवेगळ्या डब्यांत विखरून बसायची तयारी ठेवायची. एकत्र तिकीट काढलं तर गुडघे दुखणाऱ्या बाईला वरचा बर्थही येऊ शकतो. ज्येष्ठ बायका घोळक्यानं प्रवास करतील ही कल्पनाच नियम करणाऱ्यांच्या मनात नव्हती, असं दिसतं. ती आता यायला हवी आणि सवलतही परत यायला हवी. याबद्दल आम्ही आमच्या खासदारांना लिहिलं आहे, तुम्हीही लिहा.

आणि मुलांना एक सांगणं. आईच्या साठीला काय द्यावं असा प्रश्न पडला असेल तर सोन्याची वस्तू नको, हॉल नको. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी, सकाळी आठ वाजता सुरू होतं. त्या दिवशी चार फोन घेऊन चौघं भावंडं बसा, आईच्या ग्रुपची दोन-दोनची तिकिटं एकाच वेळी काढा, म्हणजे डबा एक मिळण्याची शक्यता वाढते. तिनं आजवर तुमच्या परीक्षांचे फॉर्म भरायला रांगा लावल्या आहेत. आणि ती निघायच्या आठवडाभर आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस सिलिंडर कुठून मागवायचा, दूधवाल्याचा हिशेब कुठल्या वहीत असतो आणि बाबांच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत, ते तिच्याकडून लिहून घ्या.